चांदीचा डावा हात

मार्टिनच्या सणाचा दुसरा दिवस, कोलोन

लेका टिल्मन,

मी आजी झाले हे मला हेरिंगवाल्याकडून कळावं, म्हणजे बघ. पण मी रागवायला बसलेली नाही. आनंदच एवढा झालाय की रागाला घरात जागा नाही.

काल वेसेल आला. तोच, जो इथली दारू तुमच्या ल्यूबेकला नेतो आणि येताना खारे मासे आणतो. दारात पिंप उतरवता उतरवता म्हणाला, "मावशी, तुमची नात अगदी तुमच्यावर गेली आहे हो. तोंड मिटत नाही."

मी म्हटलं, "कुणाची नात?"

"तुमची. टिल्मनची टाल्के. तीन वर्षांची झाली."

मी त्याला दोनदा विचारलं. मग त्याला बसवलं, वाटीत दारू दिली आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. तो पुरुषमाणूस, त्याला काय दिसतं! केस कसले आहेत विचारलं तर म्हणाला, "असतात तसे." डोळे? "दोन." मी म्हटलं, "मेल्या, माशाच्या पिंपात किती मासे ते सांगतोस आणि माझ्या नातीचे केस तुला दिसले नाहीत?" तर तू मला लिही. केस माझ्या आईसारखे गव्हाळ आहेत की तुम्हा बापलेकांसारखे काळे, कुरळे आहेत की सरळ, एवढं तरी लिही. टाल्के हे नाव वोबेकेच्या आईचं का? गोड आहे. दिवसभर पुटपुटत होते मी. वोबेकेला माझा आशीर्वाद सांग. सुनेचं नावही मला वेसेलकडूनच कळलं. असो.

शेजारच्या स्टीनाला सांगायला धावत गेले. ती मेणबत्त्यांच्या वाती ओढत होती. म्हणाली, "अगं ड्रुडे, नात तीन वर्षांची आणि तू आज नाचतेस? बाकीच्या आज्या एवढ्यात दमून बसतात." मी म्हटलं, "मला उशिरा मिळाली, म्हणून ताजी आहे."

काल हंस भाजला होता. जेवताना ह्यांना सांगितलं. "अहो, टिल्मनला मुलगी झाली. तीन वर्षांची आहे." त्यांनी तोंडातलं हाड काढून ताटाच्या कडेला ठेवलं आणि म्हणाले, "मठातून चांदी आली का?" तुझं नाव ते घेत नाहीत हे तुला माहीतच आहे. त्या प्याल्यापासून. मीही तो विषय काढत नाही. तो चेपलेला प्याला अजून माळ्यावर आहे, फडक्यात बांधलेला. तुझ्याच हातचा म्हणून मी टाकला नाही आणि त्यांनी वितळवला नाही. देवाच्या रक्ताचा प्याला डाव्या हाताने घडवलास, म्हणून सगळ्या जाणत्या सोनारांसमोर हातोडी घालून चेपणारा माणूस, वितळवत मात्र नाही. मला कळत नाही, आणि आता विचारावंसंही वाटत नाही.

चांदीचं सांगते. नदीकाठच्या बायकांच्या मठातलं काम आलंय ह्यांना. संत एबरोल्डच्या हाताचं हाड त्या लाकडी हातात होतं ना, लहानपणी सणाला तुझ्या डोक्यावर ठेवायचे तो? त्याला वाळवी लागली. आता चांदीचा हात करायचाय, कोपरापासून बोटांपर्यंत, दोन बोटं वर, आशीर्वाद देणारा. मठाचा खजिना सांभाळणारी बहीण इर्मगार्ट स्वतः येऊन सांगून गेली. वस्तीतल्या बायकांनी चांदी दिली आहे. कुणी बारशाचा चमचा, कुणी बटणं. स्टीनाने कमरपट्ट्याची कडी दिली आणि आता कमरेला सुतळी बांधून हिंडते. प्रत्येकाला सांगते की माझी कंबर संताच्या कोपरात गेली.

उन्हाळ्याच्या तोंडावर, पेंटेकॉस्टनंतर संताचा सण येतो, त्याआधी हात द्यायचाय.

ह्यांचे हात थरथरतात. तू गेलास तेव्हा एवढे थरथरत नव्हते. दातही गेले बरेच. पाऱ्याच्या धुराने होतं म्हणतात, सोन्याचा मुलामा देणाऱ्या सगळ्यांचंच होतं. सूप पिताना अर्धं दाढीत जातं. पण हातोडी हातात घेतली की थरथर थांबते, हे मी डोळ्यांनी बघते. माझं म्हणशील तर मी ठीक आहे. चांदीला घासून ओप देते अजून, तोच माझा कुत्र्याचा दात लाकडी मुठीत बसवलेला. बोटांची टोकं बधिर झाली आहेत तेवढंच. परवा चुलीवरचं भांडं फडक्याशिवाय उचललं. चरचर आवाज आला तेव्हा कळलं. दुखलं नाही. सोय आहे एका परीने.

तुझी खुर्ची अजून खिडकीशी आहे. तो चामड्याचा पट्टा, ज्याने हे तुझा डावा हात कमरेला बांधायचे, तोही खिळ्यावर आहे. मी त्याला लसणाची जुडी अडकवते.

वेसेल ओरडतोय बाहेरून. केसांचं लिही.

तुझी आई


मेणबत्त्यांच्या सणाची सकाळ

लेका,

तुझं पत्र आलं नाही. पण वेसेल उपासाच्या दिवसांसाठीचे मासे घेऊन कालच आला आणि म्हणाला की तू माझं पत्र उभ्या उभ्या वाचलंस आणि सदऱ्याच्या आत ठेवलंस. "काही बोलला का?" "नाही मावशी. पण आत ठेवलं, चुलीत नाही टाकलं." एवढं पुष्कळ झालं मला.

आणि हेही कळलं की तू आता तांब्याचं काम करतोस. जहाजांवरच्या कढया. कुठल्या हाताने करतोस ते त्याला विचारलं नाही.

टाल्केसाठी लांडग्याचा दात पाठवते, चांदीच्या टोपीत बसवलेला. दात येताना मुलांना चावायला देतात तो. तिला सगळे दात आले असतील हे मला कळतं. पण मी आजी, मला आजीने द्यायचं ते सगळं पहिल्यापासून द्यायचंय. गळ्यात बांधा. नवा आहे, ओप द्यायला वापरलेला नाही.

आज चर्चमध्ये मेणबत्त्यांना आशीर्वाद दिला. स्टीनाच्या दुकानातल्याच होत्या सगळ्या, तिची मान एवढी वर की कुणीतरी म्हणालं, "स्टीनाबाई, छपराला लागेल हो." मग तिथून थंडीत आम्ही दोघी हात धरून आलो. नदी काठाकाठाने गोठली आहे.

ह्यांचं सांगते. काल मला त्यांनी त्यांच्या आईच्या नावाने हाक मारली. मी ओ दिली. काय करणार? "आई, भूक लागली," म्हणाले. मी लापशी दिली. खाऊन झाल्यावर परत मला "अगं" म्हणायला लागले. असं आठवड्यातून होतं कधी कधी. कुणाला कळू देत नाही मी. ह्यांच्या सोनारमंडळींना कळलं तर ते येऊन ह्यांचा ठसा काढून नेतील. ठसा गेला की कामावर शिक्का मारता येत नाही, शिक्का नाही तर काम नाही. ह्यांचे कारागीर तर केव्हाच दुसऱ्या मालकांकडे गेले. मी लोकांना सांगते की ह्यांनाच गर्दी नको असते.

पण काम बघशील तर तुला पटायचं नाही. आधी मेणाचा हात केला त्यांनी. मग पत्रा राळेवर बसवून आतून ठोकून ठोकून तळहात काढला, मग उलटून बाहेरून. नखं, शिरा, मनगटाची घडी. हातोडी हातात असते तेव्हाच ते ह्या घरात असतात. खाली ठेवली की कुठेतरी निघून जातात. म्हणून मी त्यांना ठेवू देत नाही. जेवायला पण तिथेच देते.

मिटलेली दोन बोटं वेगळी करून झाळीने सांधायची राहिली आहेत. कोपराशी स्टीनाची कडी वितळून गेली आहे, पण मी तिला सांगितलंय की नीट बघितलं तर दिसते. ती येऊन बघते आणि म्हणते, "हो गं, ही इथे."


उपासाचा पहिला आठवडा

टिल्मन,

मागचं पत्र वेसेलने अजून नेलेलं नाही, त्याच्या बैलाचा पाय दुखावलाय. त्याच्याबरोबर हेही जाईल. हे आधी वाच.

काल मला हात ओप द्यायला मिळाला. बोटं झाळून झाली होती, राळ अजून आत होती, त्यामुळे चांगला जड. मी तो मांडीवर घेतला. बाहेर ऊन होतं. आपल्या अंगणात ह्या दिवसात येतं तेवढंच. कुठून सुरुवात करावी म्हणून माझा उजवा हात त्याच्या शेजारी धरला, दोन्ही तळवे माझ्याकडे करून. तर दोन्ही अंगठे एकमेकांपासून लांब, दोन टोकांना. मी माझा डावा हात धरला. तो तंतोतंत जुळला.

संताचा हात डावा झालाय.

मी तो उन्हात धरून पुन्हा फिरवला. मग दुसरं दिसलं. अंगठ्याशेजारचं बोट टोकाशी जरा बाहेर झुकलेलं. हे बोट मला माहीत आहे. पावाच्या भट्टीच्या दारात चेंगरलं होतं तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. मीच त्याला लोणी लावून फडकं बांधलं होतं.

मी आत गेले. म्हटलं, "अहो, हा डावा झालाय."

"कुठला?"

"संताचा हात. अंगठा बघा."

त्यांनी बघितला. आपला उजवा धरून बघितला. मग डावा. मग म्हणाले, "बरोबर आहे. टिल्मनचा आहे. तो ह्याच हाताने करतो सगळं."

"पण संत उजव्या हाताने आशीर्वाद देतात, अहो."

"मग त्याचा उजवा हाच," म्हणाले आणि पाव मागितला.

तुझं नाव घेतलं, बघ. इतक्या वर्षांनी, पाव मागावा तसं. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मी पाव कापून दिला. उपासाचा म्हणून लोणी नाही, तर मोहरी लावून दिली. त्यांना मोहरी आवडत नाही, ती त्यांनी चाटून काढली आणि मग पाव खाल्ला.

मला वाटायचं, हे तुझ्या हाताकडे फक्त बांधायलाच बघतात. पण त्यांना शिरासुद्धा पाठ आहेत. करंगळीच्या मुळाशी तुला तीळ आहे ना, तिथे त्यांनी सुईच्या टोकाएवढा ठिपका ठोकलाय. संताला कशाला हवा तीळ?

आता हे मठाला कसं द्यायचं? सणाला पाद्री तो हात घेऊन उभे राहतात आणि ओळीने पोरांच्या डोक्यावर टेकवतात, तापाच्या पोरांच्या, खोकल्याच्या, सगळ्यांच्या. डाव्या हाताचा आशीर्वाद कोण घेईल? चर्चच्या भिंतीवर शेवटच्या न्यायाचं चित्र आहे, त्यात डावीकडे नरकात जाणारे उभे आहेत, ते पोरांनाही माहीत असतं. मठाने हात परत पाठवला तर सोनारमंडळी विचारायला येतील, काय झालं म्हणून. आल्यावर ह्यांच्याशी दोन वाक्यं बोलतील, आणि तेवढं पुरेल. ठसा जाईल. हातोडी जाईल. मग हे दिवसभर त्या दुसऱ्या ठिकाणी राहतील, जिथे मी त्यांची आई असते.

बहीण इर्मगार्ट आजच येऊन गेली. मी हातावर ओलं फडकं टाकून ठेवलं होतं. म्हणाली, "ड्रुडाबाई, जरा बघू तरी द्या."

मी म्हटलं, "ताई, ओप अर्धा झालाय, हवा लागली तर डाग पडतील."

असे काही डाग पडत नसतात. ती म्हणाली, "तुम्हाला माहीत," आणि चुलीशी बसून वाटाण्याचं सूप पिऊन गेली. जाताना म्हणाली की मठमातेने सणाला शेजारच्या तीन वस्त्यांना बोलावलंय. बरं आहे म्हटलं.

म्हणून लिहिते. तू ये. वेसेल ईस्टरनंतर परत येतो, त्याच्या गाडीतून ये. हे मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही. बाकीचे सोनार आधी बोलतील आणि मग मदत करतील. तू काही बोलणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. तू येऊन नवा हात कर, नाहीतर हाच कसातरी सरळ कर. ह्यांच्याशी बोलावं लागणार नाही. टाल्केला आणलंस तर मी तिला स्टीनाकडे मेणाचे पक्षी करायला नेईन. आणि नाही आणलंस तरी ये.

आई


ईस्टरनंतरचा दुसरा रविवार

टिल्मन,

वेसेल आला. एकटाच.

"मी सांगितलं मावशी," म्हणाला. "अगदी तुमच्या शब्दांत. तो कढई ठोकत होता, ठोकतच राहिला. मी म्हटलं, अरे, आई वाट बघते. तर म्हणाला, तिथे माझं काही नाही. मग जेवायला मात्र घातलं हो पोटभर."

तांब्याची पळी पाठवलीस ती मिळाली. छान आहे. दांड्याला पीळ फार सुंदर दिलायस. मी ती लगेच वापरली आणि वेसेलला त्याच पळीने सूप वाढलं.

मग मी टाल्केचं विचारलं, कारण मला दुसरं काय विचारायचं असतं? तो खुलला. म्हणाला, लांडग्याचा दात तिने पहिल्याच दिवशी मांजराच्या गळ्यात बांधला. मी हसले. म्हणाला, मला मासेवाले आजोबा म्हणते. म्हणाला, फार चलाख पोर, फक्त तेवढं एक, डावरी आहे. "पण टिल्मन करतोय बंदोबस्त. जेवायच्या वेळी डावा हात कमरेला बांधतो फितीने. निळी फीत आहे, छान, रेशमी. पोर आधी रडायची, आता नाही रडत. म्हणाला, जगात हिला त्रास नको."

वेसेलला त्यात काही वाटलं नाही. त्याने सूप संपवलं, मी आणखी वाढलं. पळी गरम झाली होती हे मला नंतर बोटं बघून कळलं.

आज एवढंच लिहिते. अंगणातल्या झाडाला फुलं आली आहेत. हे तिथे बसून दिवसभर हातोडी मांडीवर घेऊन होते. मी काम दिलं नव्हतं.


संताच्या सणाचा तिसरा दिवस

टिल्मन, लेका,

सण झाला. वेसेल उद्या निघतो, त्याला म्हटलंय की हे पत्र तुझ्या हातात दे आणि तू वाचून होईपर्यंत तिथून हलू नकोस. तो म्हणाला, "मावशी, तुमची पत्रं लांब असतात, माझे मासे नासतील." मी म्हटलं, "खारवलेले आहेत, नासत नाहीत. थांबायचं."

हाताचं आधी सांगते.

तू येत नाहीस म्हटल्यावर मी दोन दिवस काही केलं नाही. म्हणजे केलं सगळं, धुणं, भाकर, बागेतला पाला, पण काही केलं नाही. मग एकदा दुपारी हात मांडीवर घेऊन बसले होते आणि उलटा करून बघितला. तळवा खाली, पाठ माझ्याकडे. तर अंगठा योग्य बाजूला आला. उलटा धरला की डाव्याचा उजवा होतो, रे. फक्त नखं चुकीच्या बाजूला आणि मिटलेली बोटं चुकीच्या बाजूला मिटलेली. तेवढंच आड येतं.

मी ह्यांच्यासमोर ठेवला. म्हटलं, "अहो, मठातून निरोप आलाय. ही बाजू तळहाताची करायची आणि ही पाठीची."

"म्हणजे?"

"नखं इकडची काढायची, तिकडे घालायची. बोटं सोडवून ह्या बाजूला झाळायची."

"तू म्हणतेस तर," म्हणाले.

आणि केलं. मला वाटलं होतं, नाही म्हणतील. एवढा हट्टी माणूस! पण त्यांनी हात विस्तवावर धरला, झाळ पातळ झाली, मिटलेली दोन बोटं सुटून चिमट्यात आली. ती त्यांनी टेबलावर ठेवली. मग आत नवी राळ भरली आणि ठोकायला लागले. हात अजिबात थरथरले नाहीत. मध्येच थांबून मला म्हणाले, "हा कुणाचा हात होता?" मी म्हटलं, "संताचा." "हां," म्हणाले आणि पुढे ठोकायला लागले.

जुन्या तळव्यावरच्या रेषा घालवायचं काम माझं. चांदी दाबून दाबून रेषा बुजवतात, ते ओपणीच्या दातानेच होतं. तुझ्या तळव्यावरच्या रेषा होत्या त्या, हुबेहूब, मधली फाटा फुटलेली. मी त्या एकेक करून बुजवल्या. तीळही. बोटांना काही कळत नव्हतं. चांदी गरम आहे की थंड, तेही नाही. तिथे मग ह्यांनी हाताची पाठ काढली, शिरा आणि सांधे, संताला शोभेलसे. आणि पलीकडे नवा तळवा, सरळ साध्या रेषांचा. बोट मात्र झुकलेलंच राहिलं. ते सरळ करायला गेलो असतो तर मोडलं असतं.

सोनारमंडळींचे दोघे जाणते तपासायला आले. मला धडकी भरायला हवी होती, भरली नाही. ह्यांच्या हातात मी आधीच हातोडी देऊन ठेवली होती. त्यातला जाडा म्हणाला, "काय गोबेलदादा, तब्येत?" हे म्हणाले, "कामात आहे." बस. त्यांनी मनगटाशी जरा खरवडून कसोटीवर कस लावला, वजन केलं, ठसा मारू दिला, आणि माझ्या हातचं बदामाचं दूध पिऊन गेले. त्यांना चांदी बघायची असते. हात बघायचा नसतो.

मग बाहीच्या काठाला मुलामा दिला. ह्यांना मी लांब बसवलं आणि पारा उडवायला स्वतः बसले. पाद्रींनी येऊन हाड आत ठेवलं, आम्हाला त्या वेळी खोलीबाहेर उभं केलं.

सणाला काय गर्दी! पाद्रींनी हात उंच धरला तेव्हा ऊन नेमकं त्याच्यावर. उजवा हात, दोन बोटं वर. बहीण इर्मगार्ट माझ्याशेजारी होती, हळूच म्हणाली, "ड्रुडाबाई, तुमच्या म्हाताऱ्याने कमाल केली. जिवंत वाटतो." स्टीना सगळ्यांना कोपर दाखवत होती. मी ओळीत उभी राहिले. पोरांच्या मागे एकटी म्हातारी मीच. पाद्रींनी तो माझ्या डोक्यावर टेकवला. डोक्याला अजून कळतं. थंड होता.

परत येताना ह्यांना विचारलं, "आवडला का हात?"

"चांगलं काम आहे. कुणी केलं?"

"तुम्ही."

"मी?" चार पावलं गेले. मग म्हणाले, "टिल्मनचा कुठे गेला?"

मी म्हटलं, "घरी चला, वाटाणे शिजवलेत."

ठसा राहिला. हातोडी राहिली. स्टीनाच्या चुलतभावाने एक छोटी पवित्र तेलाची डबी करायला सांगितली आहे. म्हणजे हिवाळ्यापर्यंत तरी हे घरात राहतील. मला हेच हवं होतं आणि ते झालं. म्हणून मी आता दुसरं मागते.

काल त्यांनी खिळ्यावरचा पट्टा काढला. लसूण खाली ठेवला, पट्टा हातात घेऊन उलटसुलट केला. चामडं कडक झालंय, पण बारक्या कमरेएवढी गाठ अजून तशीच आहे. मला म्हणाले, "अगं, हा कशाचा आहे? एवढ्या लहान कुणाला बांधायचो?"

खरंच विचारत होते, टिल्मन. तोंडाकडे बघितलं मी. काही लपवत नव्हते. त्यांच्यात ते उरलेलंच नाही. ज्याने बांधलं त्याला आठवत नाही. मला आठवतं, आणि तुला इतकं आठवतं की तू एवढ्या लांब जाऊन पुन्हा तेच बांधतोस.

मी म्हटलं, "लसणाचा आहे." त्यांनी तो परत खिळ्याला लावला.

डाव्याचा उजवा करून दाखवायचा होता, तो चांदीत करून झाला. ह्यांनी केला आणि मी रेषा बुजवल्या. तो आता मठात आहे, सगळ्यांना आवडला, पुन्हा कुणी करायची गरज नाही. जगात हिला त्रास नको म्हणतोस. त्रास म्हणजे काय ते तुला माहीत आहे. तो जगात नव्हता. तो ह्या घरात, त्या खिडकीशी होता. आणि तू रडायचा थांबलास तो दिवसही मला आठवतो. आम्ही म्हटलं, झाली सवय.

टाल्केचा हात सोड. आज सोड, वेसेल समोर बसलेला असतानाच. तो मला येऊन सांगेल.

तुझी पळी रोज वापरते. कुठल्या हाताने घडवलीस ते पीळ बघून कळतं मला. सुंदर आहे.

आणि फीत रेशमी आहे म्हणतात, तर टाकू नका. तिच्या केसांना बांध. केस कसले आहेत ते अजून तू मला लिहिलेलं नाहीस.

टाल्केची आजी